वाढ आणि विकास यांतील अंतर : मोताळा तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विकसनशील देशांच्या प्रगतीची चर्चा बहुधा राष्ट्रीय उत्पन्न, परकीय गुंतवणूक आणि वृद्धिदर यांच्या परिभाषेत केली जाते. उत्पन्नात भर पडली म्हणजे समाजाचा विकास झाला, हे गृहीतक 1990 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पहिल्या मानव विकास अहवालाने प्रश्नांकित केले. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या या अहवालामागे अमर्त्य सेन यांची भूमिका होती. माणसाच्या हाती किती पैसा आला यापेक्षा त्याला आपल्या जीवनाविषयी कोणते पर्याय निवडता येतात, हा विकासाचा खरा निकष होय, असे सेन यांनी मांडले. महाराष्ट्र शासनानेही 2002 मध्ये राज्याचा मानव विकास अहवाल प्रसिद्ध करून ही दृष्टी स्वीकारली.

मात्र ‘निवडीचे सामर्थ्य’ ही संकल्पना वर्गात शिकविताना अमूर्त वाटते. तिचा अर्थ एखाद्या तालुक्याच्या बांधावर उतरून पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. त्यासाठी प्रस्तुत लेखात बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्याचा विचार केला आहे. येथील शेतकऱ्याला माल केव्हा विकावा हे ठरविता येते काय, धरणाजवळच्या गावाला पाण्यावर हक्क सांगता येतो काय आणि या परिसरातील कुटुंबात मुलीला जन्माचा अधिकार मिळतो काय, हे तीन प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी एकाच निकषाची तीन रूपे आहेत.

घाटाखालचा प्रदेश

बुलढाणा जिल्ह्यात ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ हा भेद बोलीभाषेत रुळलेला आहे. तो केवळ भूगोलाचा नसून जमीन, पाणी आणि सोयरिकीचाही आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलढाणा शहर सोडून राजूर घाट उतरला की मोताळा तालुका लागतो आणि तीच वाट पुढे मलकापूरला मुंबई–हावडा लोहमार्गापाशी पोहोचते. डोंगरपायथ्याच्या हलक्या, उताराच्या जमिनी आणि उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्याकडे पसरत जाणारी काळी माती अशी दोन्ही रूपे या एकाच तालुक्यात आहेत. जुन्या रचनेत जिल्ह्याचे पाच तालुके होते आणि मोताळा हा स्वतंत्र तालुका नव्हता. आज जिल्ह्यात तेरा तालुके असून मोताळा येथे नगरपंचायत आहे. तहसील, न्यायालय, महाविद्यालय, बँका यांमुळे गावाचे शहर होत असल्याचा आभास निर्माण होतो. तथापि 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या सुमारे 25.86 लाख लोकसंख्येपैकी जेमतेम पाचवा हिस्साच नागरी होता, हे ध्यानात घ्यावे लागते.

हा परिसर जागतिक बाजारपेठेशी 1991 च्या खाउजा धोरणामुळे प्रथमच जोडला गेला, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. 1853 च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी मोल आले. त्याच दशकात लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत गेला. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून काढलेला फाटा 1870 मध्ये सुरू झाला. ज्वारीच्या जागी कापूस आला, हाती रोकड आली, सावकारीही आली. पुढे 1896–97 आणि 1899–1900 च्या दुष्काळांत याच संपन्न गणल्या गेलेल्या प्रांतात माणसे अन्नावाचून मेली. निर्यात वाढली म्हणून पोट भरतेच असे नाही, हा धडा वऱ्हाडाने विकासाचे अर्थशास्त्र जन्माला येण्यापूर्वीच घेतला होता.

थांबण्याची ऐपत

स्वातंत्र्योत्तर काळात शेतकऱ्याला बाजाराच्या लहरीपासून वाचविण्याचा मोठा प्रयोग म्हणजे 1972 मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना. राज्यातील सर्व कापूस एकाच यंत्रणेने हमी दराने विकत घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. चुकाऱ्यांना होणारा विलंब, प्रतवारीवरील वाद आणि वाढता तोटा यांमुळे ती खिळखिळी झाली. बाहेर भाव चढला की कापूस राज्याची सीमा ओलांडून जाई आणि उतरला की बाहेरचा कापूस आत येई, ही गोष्ट मध्य प्रदेशाला लागून असलेल्या या जिल्ह्याला सांगायला नको. 2000 च्या दशकाच्या प्रारंभी योजनेची एकाधिकारशाही संपुष्टात आली. नेमक्या त्याच सुमारास, 2002 मध्ये, बीटी कापसाच्या बियाण्याला देशात मान्यता मिळाली. म्हणजे विक्रीचे संरक्षण गेले आणि उत्पादनाचा खर्च वाढविणारे तंत्रज्ञान आले, या दोन घटना एकाच वळणावर घडल्या. प्रारंभी बोंडअळीपासून दिलासा मिळाला व उत्पादन वाढले, हे नाकारता येत नाही. परंतु 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस पोखरला, तेव्हा हे बियाणे तिच्यापुढे निष्प्रभ ठरल्याचे उघड झाले.

दरम्यान सोयाबीनने कापसाची बरीच जागा घेतली होती. अल्प मुदतीचे पीक, वेचणीची कटकट नाही आणि मागे रब्बीला शेत मोकळे, ही त्याची जमेची बाजू. विहिरीला पाणी असेल तेथे मका, मिरची व भाजीपाला ही पिके आली. पीकबदल हे शेतकऱ्याच्या जागरूकतेचे लक्षण मानले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. पण या पिकांचे भाव कोठे ठरतात, हे पाहिले म्हणजे चित्र पालटते. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते. त्यावरील शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये वाढविण्यात आले आणि मे 2025 मध्ये कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा घटविण्यात आले. 2024–25 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना राज्यातील अनेक बाजार समित्यांत माल त्याहून बराच खाली विकला गेला. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले. वस्त्रोद्योगाला आधार म्हणून भारताने त्याच महिन्यात कापसावरील आयातशुल्क तात्पुरते हटविले आणि ही सवलत पुढे वर्षअखेरीपर्यंत लांबविली. मक्याला मात्र इथेनॉलच्या धोरणाने हात दिला. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर निर्बंध येताच मद्यार्क प्रकल्पांनी मक्याकडे मोर्चा वळविला. या सर्व निर्णयांत मोताळ्याच्या शेतकऱ्याची भूमिका परिणाम सोसणाऱ्याची आहे, निर्णय घेणाऱ्याची नाही.

निदान माल केव्हा विकावा, हे तरी त्याच्या हाती असावे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990–91 पासून अस्तित्वात आहे. सोयाबीन, मका यांसारखा माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यावे, भाव आल्यावर विकावे आणि कर्ज फेडावे, अशी तिची साधी रचना आहे. 1986 मध्ये स्थापन झालेल्या बुलढाणा अर्बन या पतसंस्थेनेही गोदामे उभारून माल तारणाचा व्यवहार मोठ्या प्रमाणावर केला. योजनेत दोष नाही. दोष आहे तो शेतकऱ्याच्या वर्षाच्या गणितात. सोयाबीन दसरा–दिवाळीच्या तोंडावर निघते. त्याच वेळी कृषी सेवा केंद्राची उधारी, मजुरांची देणी, रब्बीचे बियाणे आणि सणाचा खर्च एकत्र उभे राहतात. ज्याच्यापाशी दहा पोती आहेत, त्याला ती गोदामापर्यंत नेण्याचे भाडे आणि हमालीही जड वाटते. उधारी देणारा आणि माल घेणारा एकच व्यापारी असेल, तर गोदामाचा प्रश्नच उरत नाही. राज्यातील सरासरी जमीनधारणा 1970–71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015–16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली. भाव चढेपर्यंत थांबण्याची ऐपत एवढ्या तुकड्यातून निर्माण होत नाही. म्हणून गोदामाचा लाभ मोठ्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला अधिक होतो. त्यातच 2010 च्या दशकात नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका अडचणीत आल्या आणि गावपातळीवरील सहकारी पतपुरवठ्याचा कणाच वाकला.

मूल्यवृद्धीची गोष्टही याहून निराळी नाही. एक क्विंटल कापसापासून साधारणतः 33 ते 35 किलो रुई मिळते आणि उरलेला भाग बहुतांशी सरकीचा असतो. जिनिंग–प्रेसिंगपर्यंतची प्रक्रिया मलकापूर–खामगाव परिसरात होते. सूत, कापड आणि कपडा या टप्प्यांवरील मजुरी व नफा मात्र दूरच्या गावांना मिळतो. दीडशे वर्षांपूर्वी गाठी मँचेस्टरला जात. आज त्या अन्यत्र जातात, एवढाच फरक.

जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले, त्यात बुलढाणा होता. व्याजमाफी, सिंचन, बियाणे, दुधाळ जनावरे असे त्याचे घटक होते. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न एवढ्याने सुटला नाही, कारण पॅकेज हे मुख्यतः झालेल्या कर्जावरचे उत्तर होते आणि थांबण्याची ऐपत हा त्याचा विषयच नव्हता.

धरण उशाशी

नळगंगा नदीवरील मातीचे धरण 1967 च्या सुमारास पूर्ण झाले. सुमारे 70 दशलक्ष घनमीटर साठवण असलेला हा प्रकल्प जिल्ह्यातील मोजक्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक असून तो मोताळ्यालगत आहे. धरणाच्या रचनेतच एक विषमता असते. पाणी उताराने खाली वाहते, म्हणून कालव्याचा लाभ खालच्या सपाट, काळ्या जमिनींना मिळतो. जलाशयाच्या वर, डोंगराकडच्या हलक्या जमिनी पावसावरच विसंबून राहतात. अवर्षणाच्या वर्षी पिण्याचे पाणी राखून ठेवावे लागले की कालव्याची आवर्तने कमी होतात आणि लाभक्षेत्रही कागदावर उरते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथे अलंकारिक राहत नाही.

दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात प्रादेशिक असमतोल मोजला, तेव्हापासून विदर्भाच्या सिंचन अनुशेषाची चर्चा चालू आहे. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समिती आली आणि केळकर समिती आली. अमरावती विभागातील अमरावती, अकोला, वाशिम व बुलढाणा या चार जिल्ह्यांचा सिंचन अनुशेष प्रदीर्घ काळ कायम राहिला. शेजारच्या नांदुरा तालुक्यातील पूर्णा नदीवरील जिगाव प्रकल्पाचे काम तीन दशके लांबले. पैसा, भूसंपादन आणि पुनर्वसन यांची गाठ सुटली नाही की प्रकल्पाची किंमत वाढते आणि वाढलेल्या किमतीमुळे पुन्हा पैसा अपुरा पडतो.

या पार्श्वभूमीवर वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्प मोताळ्याच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाचा ठरतो. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. गोसीखुर्द धरणातील पाणी सुमारे 427 किलोमीटर पश्चिमेकडे आणून नळगंगेत सोडावयाचे, सहा जिल्ह्यांतील सुमारे 3.71 लाख हेक्टर क्षेत्र भिजवावयाचे आणि त्यासाठी सुमारे 87,343 कोटी रुपये खर्च करावयाचा, अशी ही योजना आहे. नळगंगा हे तिचे शेवटचे टोक. कालव्याच्या शेपटाशी असलेल्या शेतकऱ्याला जो अनुभव येतो, तो 427 किलोमीटरच्या मार्गावर एका जिल्ह्याला येऊ शकतो, हे आताच ओळखणे श्रेयस्कर. ज्या गोसीखुर्दवर ही योजना अवलंबून आहे, त्याची पायाभरणी 1988 मध्ये झाली. त्याचा मूळ अंदाज 372 कोटी रुपयांचा होता आणि पुढे तो कैक पटींनी वाढला. म्हणून पाणी केव्हा येईल यापेक्षा आलेले पाणी कोणाचे, हा प्रश्न आधी सोडविता येण्यासारखा आहे. 2005 च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन अधिनियमाने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी घेण्याचा आणि पीक ठरविण्याचा अधिकार दिला. या संस्था कालव्याआधी उभ्या राहिल्या तर पाण्याचे वाटप बैठकीत ठरेल. कालव्यानंतर उभ्या राहिल्या तर ते मोटारपंपाच्या अश्वशक्तीवर ठरेल.

855

आर्थिक वाढीचा हिशेब येथपर्यंत शेत, बाजार आणि पाणी यांचा झाला. विकासाचा हिशेब मात्र घराच्या आत सुरू होतो.

बुलढाणा जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 2001 च्या जनगणनेत 908 होती. 2011 मध्ये ती 855 झाली. याच काळात राज्याचे प्रमाण 913 वरून 894 वर आणि देशाचे 927 वरून 918 वर आले. म्हणजे घसरण सर्वत्र होती, पण या जिल्ह्यात ती देशाच्या जवळजवळ सहापट झाली. हस्तक्षेपाविना हे प्रमाण साधारणतः 950 च्या आसपास राहते. तेव्हा 855 याचा अर्थ दर हजार मुलग्यांमागे सुमारे 95 मुली असायला हव्या होत्या आणि नाहीत. आकडा जिल्ह्याचा आहे, पण त्यातून मोताळ्याला वेगळे काढण्याचे काही कारण नाही. जानेवारी 2015 मध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ अभियान पहिल्या टप्प्यात देशातील ज्या 100 जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील दहा जिल्ह्यांमध्ये बुलढाणा समाविष्ट होता. याच जिल्ह्यात सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान आहे आणि 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्याच. वारसा आणि वर्तन यांत इतके अंतर क्वचितच दिसते.

ही घसरण अज्ञानातून वा दारिद्र्यातून झाली, असे म्हणता येत नाही. 2001 ते 2011 हे जिल्ह्यात साक्षरता, रस्ते, भ्रमणध्वनी आणि रोख पिके यांच्या वाढीचे दशक होय. कोल्हापूर, सांगली, जळगाव यांसारख्या बागायती, सधन जिल्ह्यांत प्रमाण खालावले होते, तर आदिवासीबहुल गडचिरोलीत ते 950 च्या वर होते. कारणांचा उलगडा शेतीतच सापडतो. जमिनीचे तुकडे झाल्याने दोनच मुले असावीत, असे कुटुंबाला वाटू लागले. पूर्वी पाच अपत्यांत मुलगा आपसूक होई, आता दोनांत तो ‘मिळवावा’ लागू लागला. रोकड पिकाबरोबर हुंडा व लग्नखर्चही रोकडीत मोजला जाऊ लागला. निवृत्तिवेतन नसलेल्या शेतकऱ्याला म्हातारपणाचा आधार म्हणून मुलगाच दिसतो. आणि या इच्छेला सोनोग्राफी यंत्राने साधन पुरविले. बीटी बियाणे आणि सोनोग्राफी ही दोन्ही तंत्रे जवळपास एकाच काळात तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचली आणि दोहोंनीही निवडीचा पर्याय वाढविल्याचे भासविले. प्रसवपूर्व लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वप्रथम केला, 1994 मध्ये केंद्रीय कायदा झाला. तरीही 2011 चा आकडा तो हाच. कुटुंबाचे निवडस्वातंत्र्य मुलीच्या अस्तित्वाच्या आड येते, तेव्हा सेन यांच्या निकषातील ‘कोणाची निवड’ हा प्रश्न टाळता येत नाही.

स्त्रीच्या श्रमाचे मोलही याच दशकांत बदलले. निंदणी, खुरपणी आणि कापूस वेचणी ही परंपरेने बायकांची कामे. सोयाबीन वाढले तशी वेचणी घटली आणि तणनाशक आले तसे निंदणीचे दिवस गेले. पंप, फवारणी, यंत्र यांवर पुरुषाचा हात राहिला. घरात मुलीच्या कमाईची जी थोडी किंमत होती, तीही यामुळे उणावली. बचतगटांनी या पोकळीत काही जागा निर्माण केली, हे मान्य केले पाहिजे. महिला आर्थिक विकास महामंडळाचा 2007 मधील ‘तेजस्विनी’ कार्यक्रम आणि 2011 नंतरचे ‘उमेद’ अभियान यांनी ग्रामीण स्त्रीला बँकेच्या दारात नेले. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये थेट तिच्या खात्यात जमा होऊ लागले. पण बचतगटाचे कर्ज बहुधा घराच्या शेतीत जाते आणि सातबाऱ्यावर तिचे नाव अपवादानेच असते.

लिंगगुणोत्तराची ही दिशा बदलता येते, हे दक्षिण कोरियाने दाखविले आहे. तेथे 1990 च्या सुमारास दर शंभर मुलींमागे 116 मुलगे जन्मत. 2007 पर्यंत हे प्रमाण जवळपास नैसर्गिक पातळीवर आले. केवळ तपासणी केंद्रांवरील कारवाईने हे झाले नाही. कुटुंबप्रमुखपदाचा पुरुषसत्ताक कायदा 2005 मध्ये रद्द ठरला, स्त्रियांना शहरांत नोकऱ्या मिळाल्या आणि वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाची व्यवस्था उभी राहिली, म्हणजेच मुलगा ‘आवश्यक’ राहिला नाही. मोताळ्याच्या संदर्भात याचे भाषांतर करावयाचे तर ते वारसाहक्काने मुलीला मिळणारी जमीन, तालुक्याच्या ठिकाणी तिला मिळणारे काम आणि शेतकऱ्याच्या वार्धक्याची तरतूद असे करावे लागेल. यांतील एकही बाब आरोग्य विभागाच्या कक्षेतील नाही.

2001 च्या जनगणनेतील बालके आज पंचविशीच्या पुढे आहेत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही आज गावोगाव ऐकू येणारी तक्रार काही अंशी त्या 908 ची आहे. 855 ची पिढी सध्या कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांच्या वर्गांत आणि रोजगाराच्या शोधात पुणे–सुरतेच्या वाटेवर आहे. 2021 ची जनगणना झाली नाही. आता 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक ठरला असून 2011 नंतर या जिल्ह्यातील मुलींची घरोघरची मोजणी प्रथमच होणार आहे. 2011 मध्ये मोजलेली सर्वांत लहान मुलगी तेव्हा सोळा वर्षांची असेल.